अर्जातील रिकामी ओळ : वसतिगृह, वजीफा आणि मराठी-उर्दू आत्मपर साहित्य
(पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

गरीब विद्यार्थ्याला मिळणारी मदत हा मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील आत्मपर लेखनाचा जुना विषय आहे. माधुकरी, वार लावून जेवणे, मशिदीत मिळणारी रोटी, बोर्डिंग, फी-माफी, शिष्यवृत्ती, वजीफा अशा अनेक नावांनी ही मदत या लेखनात येते. समीक्षेने मात्र तिच्याकडे बहुधा लेखकाच्या जीवनपटातील एक टप्पा म्हणूनच पाहिले आहे. 'बोर्डिंगमध्ये राहून शिक्षण पूर्ण केले' या एका वाक्यात तो टप्पा संपतो. मदत कोणी दिली याची नोंद होते. ती मिळवताना मुलाला काय सांगावे लागले, कोणासमोर सांगावे लागले आणि त्याच्या वतीने कोणी शब्द टाकला, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो.

प्रस्तुत लेखात काही निवडक मराठी व उर्दू कृतींच्या आधारे हा विचार केला आहे. त्यासाठी संदर्भ घेतला आहे तो गोव्याच्या उत्तर टोकावरील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचा. निवडलेल्या कृतींपैकी काही आत्मकथने आहेत, एक व्यक्तिचित्र आहे, तर काही कथात्म आहेत. त्यांचे वाङ्मयीन मूल्यमापन एकाच मापाने करता येणार नाही, याची जाणीव ठेवूनच त्यांतील एका समान प्रसंगाकडे येथे लक्ष वेधले आहे. तो प्रसंग म्हणजे मदत मागणारे मूल आणि मदत देणारी व्यवस्था यांची पहिली भेट.

पेडणे व डिचोली : पार्श्वभूमी

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले ते १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात त्यांचा समावेश होतो. बारदेश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींच्या मानाने येथे पोर्तुगीज शिक्षणाचा प्रसार कमी झाला आणि मराठीचा धागा टिकून राहिला. मात्र मराठी शिक्षणाला सरकारी आधार अत्यल्प होता. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर भरणाऱ्या खाजगी शाळांतून मुले अक्षरे गिरवीत. त्यापुढे शिकायचे तर सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे. म्हणजे या भागातील मुलाच्या दृष्टीने पुढचे शिक्षण आणि घर सोडणे या दोन गोष्टी फार काळ एकच होत्या.

गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये. डिसेंबर १९६३ मध्ये पहिले लोकनियुक्त सरकार आले. त्याचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १९११ मध्ये पेडण्यात झालेला होता. खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडणे हे त्यांच्या कारकिर्दीचे ठळक वैशिष्ट्य मानले जाते. आज शाळा गावात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची साक्षरता सुमारे ८८.७ टक्के आहे. या आकड्यामुळे एक गैरसमज सहज होतो. शाळा जवळ आली म्हणजे घर सोडून शिकण्याची गरज संपली, असे वाटू लागते.

प्रत्यक्षात गरजेचे स्वरूप बदलले. डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, वेळगे या परिसरातील अनेक कुटुंबांचे अर्थकारण लोहखनिजावर उभे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. काही काळ त्या पुन्हा सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांत कर्ज राहिले, काम गेले. पेडण्यात किनाऱ्यावरचा पर्यटन व्यवसाय आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा येथील विमानतळ यांमुळे जमिनीचे आणि रोजगाराचे चित्र पालटले. अशा काळात मुलाच्या शिक्षणाआड येते ते शाळेचे अंतर नसून घरातील परिस्थिती असते : वडिलांचे व्यसन, आईला टाकून देणे, आजारपण, तुरुंगवास, आजीच्या भरवशावर राहिलेली भावंडे. घरात दखनी उर्दू किंवा कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या मुस्लिम मुलांच्या बाबतीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. घरचे दुखणे शाळेच्या भाषेत सांगायला त्या मुलाजवळ शब्द नसतात.

'मी कोण?' हा प्रश्न

'कठीण कौटुंबिक परिस्थिती' या शब्दप्रयोगाचा गोमंतकीय अर्थ समजून घ्यायचा तर राजाराम रंगोजी पैंगीणकर यांच्या 'मी कोण?' (१९६९) या आत्मचरित्राकडे वळावे लागते. पैंगीणकर दक्षिणेकडील काणकोण तालुक्यातील पैंगीणचे. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजात त्यांचा जन्म झाला. या समाजातील स्त्रियांचे जीवन यजमान पद्धतीशी जोडलेले होते. त्यामुळे मुलांना आई होती, घर होते, पुष्कळदा कलेचा उत्तम वारसाही होता. कायदेशीर अर्थाने सांगता येईल असे बापाचे नाव मात्र नव्हते. पुढे गोमंतक मराठा समाज या नावाने जी चळवळ संघटित झाली, तिच्या प्रवर्तकांत पैंगीणकरांची गणना होते. विवाह आणि शिक्षण या दोन मुद्द्यांवर त्या चळवळीचा भर होता. बांदोडकर हेही याच समाजातले.

या आत्मचरित्राचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वरकरणी तो तत्त्वज्ञानातला प्रश्न वाटतो. परंतु ज्या समाजातून तो विचारला गेला, त्या समाजातील मुलाला तो प्रश्न प्रथम शाळेच्या दाखल्यावर भेटतो. नाव, बापाचे नाव, आडनाव. तीन रकान्यांपैकी मधला रकाना भरता येत नाही. पैंगीणकरांनी हा प्रश्न एकट्याच्या दुःखापुरता ठेवला नाही, तो सबंध समाजाचा केला. 'मी कोण?' याचे उत्तर त्यांनी 'आम्ही कोण' याच्या शोधात पाहिले. समाजसंस्था, सामुदायिक नाव आणि मुलांच्या शिक्षणाचा आग्रह हे त्या शोधाचे फलित होय. मधली ओळ भरून दाखवण्यापेक्षा ती ओळ असणाऱ्या नोंदवहीलाच जाब विचारणे असे या कृतीचे स्वरूप आहे. मराठीत पुढे आलेल्या दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांआधी हे घडले, ही बाब गोव्याबाहेरच्या मराठी समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

मशिदीची रोटी आणि माधुकरी

आता उर्दूतील एका प्रसिद्ध कृतीशी याची तुलना करून पाहावी. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी आपले गुरू डेप्युटी नजीर अहमद यांच्यावर लिहिलेले व्यक्तिचित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. उर्दू गद्याच्या अभ्यासक्रमात ते आजही वाचले जाते. 'मिरातुल अरूस'चा हा कर्ता लहानपणी दिल्लीच्या एका मशिदीत राहून शिकला. मशिदीतील मुलांनी मोहल्ल्यातील घरोघरी जाऊन रोटी गोळा करायची, ही तिथली रीत. एका घरी रोटीच्या मोबदल्यात त्याला मसाला वाटावा लागे आणि त्या घरातील लहान मुलगी त्याचा हात थांबला की बत्त्याने मारी. पुढे तीच मुलगी त्याची पत्नी झाली. काही काळाने त्याला दिल्ली कॉलेजात वजीफ्यासह प्रवेश मिळाला.

या कथनाचा सूर विनोदी आहे. वृद्ध गुरू हा प्रसंग हसत सांगतो, शिष्य तो हसत लिहितो आणि वाचकही हसतो. भुकेची, भिक्षेची, मार खाण्याची आठवण असूनही तिच्यात जखम नाही. हे कसे घडते? नजीर अहमद यांचा स्वभाव मिस्कील होता, एवढे उत्तर पुरेसे नाही. त्यांची भूक खरी होती, पण त्यांचे नाव सुरक्षित होते. मौलवींच्या घराण्यातला हा मुलगा कोणाचा कोण, हे रोटी देणाऱ्याला माहीत होते. त्याने हात पसरला तो विद्येसाठी, आणि विद्येसाठी पसरलेल्या हाताला त्या समाजात मान होता.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्येही (१९३५) हेच दिसते. घरची गरिबी ओळखून श्याम शिकण्यासाठी औंधला जातो. उपासमार, स्वतःच्या हाताने करून खाणे, आईची आठवण हे सारे तेथे आहे. लाज आहे, पण ती गरिबीची. ब्राह्मण घरातील गरीब विद्यार्थ्याने माधुकरी मागावी किंवा वार लावून जेवावे, याला परंपरेची संमती होती. श्यामला कोणी 'तू कोण?' असे विचारीत नाही. मुनशी प्रेमचंद यांच्या 'ईदगाह' या कथेतील हामिद तर आईबापांवाचून आजीपाशी वाढणारा पोर. तरी ईदच्या जत्रेला तो गावातील इतर मुलांच्या बरोबरीने जातो. हातातले तीन पैसे आजीसाठी चिमटा घेण्यात खर्च करतो आणि घेणाऱ्याचा देणारा होतो. हामिद अनाथ आहे, परंतु त्याचे अनाथपण सगळ्या गावाला ठाऊक आणि मान्य आहे. ते त्याला सिद्ध करावे लागत नाही.

या तिन्ही कृतींत दारिद्र्य तीव्र आहे. तरीही मूल आतून मोडत नाही, कारण मदतीच्या दारात त्याच्या जन्माची झडती होत नाही.

सहीचा प्रसंग

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) चित्र नेमके उलटे आहे. सोलापूर जिल्ह्यातील हन्नूर हे गाव. आई मसामाय दलित, बाप लिंगायत पाटील, आणि आजी संतामाय ज्यांच्यासोबत राहते ते महमूद दस्तगीर जमादार मुसलमान. मुलाला पोटाशी धरून वाढवतात ते हे आजी आणि दादा. महमूद दस्तगीर बसस्थानकावर हमाली करून या घराला हातभार लावतात. रक्ताचे नाते नसलेल्या पोराचे आजोबा झालेला हा मुसलमान म्हातारा मराठी आत्मकथनातील अत्यंत सच्च्या व्यक्तिरेखांपैकी एक आहे. मुस्लिम समाजाविषयीच्या मराठी साहित्यचर्चेत त्याचा उल्लेख होतो त्यापेक्षा कितीतरी अधिक व्हायला हवा.

या आत्मकथनात शाळेच्या कागदाशी संबंधित दोन प्रसंग आहेत. पहिला शाळेत नाव घालण्याचा. मुख्याध्यापक मुलाच्या नावापुढे त्याच्या जन्मदात्या पाटलाचे नाव लिहितात. ते कळल्यावर तो पाटील नाव काढून टाकावे म्हणून आमिष आणि धाक दोन्ही दाखवतो. मुख्याध्यापक बधत नाहीत. दुसरा प्रसंग सवलतीच्या अर्जाचा. अर्जावर सरपंचाची सही हवी. सरपंच पेचात पडतो. आई एका जातीची, बाप दुसऱ्या, आजोबा मुसलमान. मग या मुलाला कोणाचा म्हणून दाखला द्यायचा? ज्या मुलाला मदतीची सर्वांत अधिक गरज आहे, तोच मुलगा मदतीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून वाचले की या आत्मकथनाचा गाभा हाती लागतो. दोन्ही ठिकाणी कागद एकच आहे, फरक आहे तो लेखणी धरणाऱ्या माणसात. मुख्याध्यापक मुलाला काही विचारीत नाहीत. त्यांना जे ठाऊक आहे ते ते स्वतःच्या जबाबदारीवर लिहितात आणि त्याची किंमतही स्वतः मोजायला तयार होतात. सरपंच जबाबदारी टाळतो आणि तिचे ओझे मुलाच्या डोक्यावर देतो. 'अक्करमाशी'तील दाहकता भुकेच्या वर्णनातून येते असे सामान्यतः म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु भुकेइतकीच ती या पुराव्याच्या ओझ्यातून येते. नजीर अहमद यांचे हसू आणि लिंबाळे यांचा दाह यांतील अंतर हे दोन भाषांचे किंवा दोन स्वभावांचे अंतर नाही. एकाने भाकरीसाठी हात पुढे केला, दुसऱ्याला त्यासाठी आपला जन्म पुढे करावा लागला.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) याच रिकाम्या ओळीचे आणखी एक उत्तर मिळते. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. पुस्तकावर त्याने आपल्या नावापुढे आईचे नाव लावले. पैंगीणकरांनी प्रश्न विचारला, लिंबाळे यांनी ओळीची वेदना सांगितली, काळे यांनी त्या ओळीत आईला बसवले. १९६९ ते १९९४ या पंचवीस वर्षांत मराठी आत्मपर लेखनाने केलेला हा प्रवास मोठा आहे. कायदा त्यामागून आला. अविवाहित मातेला पालकत्वासाठी मुलाच्या पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे बंधनकारक केले. साहित्याने जे तीस वर्षांपूर्वी सांगितले होते, ते सरकारी कागदावर यायला एवढा काळ जावा लागला.

देणाऱ्याचे न दिसणे

मदत घेणाऱ्याच्या बाजूने हे साहित्य जे सांगते, त्याला देणाऱ्याच्या बाजूचा इतिहासही दुजोरा देतो. पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था उभी राहिली. प्रत्येक घराने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, यावरून तिला हे नाव मिळाले. उत्तर हिंदुस्थानातील अनेक मदरसेही अशाच मूठभर पीठ-तांदळावर चालत आले. या पद्धतीत पैसा थोडा जमत असेल, पण तिचा एक गुण विसरण्याजोगा नाही. कोणाच्या मुठीतून कोणते मूल शिकले, हे ना देणाऱ्याला कळे, ना घेणाऱ्याला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. जातवार वसतिगृहांवर टीका झाली आहे आणि ती निराधार नाही. परंतु ज्या मुलाला शहरात कोणी खोली देत नव्हते, त्याला 'हे तुझेच घर' असे म्हणणारी ती पहिली जागा होती, हेही लक्षात घ्यावे लागते. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात त्यापुढचे पाऊल पडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांनी मुलांना श्रम करायला लावले, पण ते सर्वांना सारखेच. कोण अधिक दुर्दैवी याची चौकशी पंगतीत होत नव्हती.

साने गुरुजींची 'धडपडणारी मुले' ही कृती त्यांच्या अमळनेर येथील छात्रालयातील अनुभवांच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ती भावविवश आणि पसरट आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बऱ्याच अंशी मान्य करण्यासारखा आहे. तरी छात्रालयाच्या व्यवस्थापकाचे जे चित्र गुरुजींच्या जीवनातून आणि लेखनातून समोर येते, त्याला तोड नाही. मुले शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या झाडणारा, कपडे घडी घालून ठेवणारा हा शिक्षक आहे. मुलाला मदत मिळाल्याचे कळते, पण मदत करणारा समोर उभा नसतो. त्यामुळे कृतज्ञतेचे प्रदर्शन करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

या साहित्याची मर्यादा

येथवर केलेल्या विवेचनाला एक बाजू राहून गेली आहे. बोर्डिंगची ही सारी कथा बहुतांशी मुलग्यांची आहे आणि जे तरले त्यांची आहे. वसतिगृहातून पळून गेलेल्या, पहिल्या वर्षीच नापास होऊन परतलेल्या, अर्जच न केलेल्या मुलाने आत्मकथन लिहिलेले नाही. वाचकासमोर येतो तो शेवटी डॉक्टर, प्राध्यापक किंवा लेखक झालेला माणूस. परिणामी 'परिस्थितीवर मात' हा एक ठरीव साचा तयार झाला. सत्कार समारंभांतील भाषणांतून तो इतका वापरला गेला की मात करू न शकलेल्या मुलाविषयी जणू त्याचाच दोष असावा, असे वाटू लागते.

दुसरे असे की घर सोडून गेलेल्या मुलाबरोबर कथन घरातून बाहेर पडते. मागे राहिलेली बहीण कथनातही मागेच राहते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चे (२००३) मोल या ठिकाणी विशेष जाणवते. रत्नागिरीकडच्या या कथनात वडील वारल्यानंतर आई आयदाने विणून मुलांना शिकवते. हे शिक्षण बोर्डिंगच्या नव्हे, आईच्या विणकामाच्या आधाराने चालते. घर न सोडता शिकण्याची ही गोष्ट आहे. तिच्यातील आई कष्टांनी कडवट झालेली आहे, प्रेमळपणाचा पुतळा नाही. कठीण परिस्थितीतील मुलाला मदत करायची म्हणजे त्याला त्या घरातून उचलून दुसरीकडे ठेवणे, एवढाच अर्थ घेतला तर या आईला मदत करण्याचा विचार कोणाला सुचणारच नाही. वसतिगृह काही मुलांसाठी जीवनदान आहे. काही मुलांसाठी मात्र आईच्या हातात महिन्याला थोडे पैसे पडणे हीच खरी शिष्यवृत्ती ठरते.

आजचे निकष

साहित्यातून मिळालेली ही दृष्टी घेऊन आजच्या मदतीच्या निकषांकडे पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिला निकष गुणांचा. नवोदय विद्यालयात सहावी ते बारावी निवासासह मोफत शिक्षण मिळते. उत्तर गोव्याचे नवोदय सत्तरी तालुक्यात वाळपई येथे आहे. प्रवेश मिळतो तो पाचवीत असताना दिलेल्या परीक्षेवर. ही संस्था हुशार ग्रामीण मुलांसाठी आहे आणि ते काम तिने चांगले केले आहे. परंतु रात्री घरात भांडण चालू असताना अभ्यास करू न शकलेले दहा वर्षांचे मूल तिच्या दारापर्यंत पोहोचेलच असे नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यातही आधीच्या परीक्षेत ५० टक्के गुणांची अट होती. २०२२-२३ पासून ती योजना नववी-दहावीपुरतीच मर्यादित करण्यात आली. म्हणजे गळती जिथे सुरू होते त्या इयत्ता तिच्यातून वगळल्या गेल्या.

दुसरा निकष व्याख्येचा. मुस्लिम शिक्षणसंस्थांत 'यतीम' या शब्दाला मोठा मान आहे आणि त्याच्या नावाने पैसाही उभा राहतो. वयात येण्यापूर्वी ज्याचा बाप मरण पावला, तो यतीम. ही व्याख्या काटेकोर आहे, म्हणूनच तिच्या बाहेर राहणारी मुले पुष्कळ. बाप जिवंत आहे पण दुसरे घर करून राहतो. बाप तुरुंगात आहे. बाप कामाला म्हणून गेला आणि परतला नाही. आई तलाक घेऊन माहेरी आली आणि माहेरच्यांना मूल जड झाले. या मुलांना यतीम म्हणता येत नाही, मात्र त्यांचे दुःख यतिमापेक्षा कमी नाही. त्यांच्या अर्जासमोर बसलेली समिती नकळत त्या सरपंचाच्या जागी जाऊन बसते. व्याख्या शाबूत राहते, मूल परत जाते. यतिमाच्या नावाने असलेला निधी त्याच्यासाठीच राहावा, हे योग्यच आहे. परंतु या मुलांसाठी दुसरा दरवाजा असायला हवा. या बाबतीत सरकारी यंत्रणा निदान कागदावर पुढे गेली आहे. मिशन वात्सल्यच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत विधवा, घटस्फोटित किंवा टाकून दिलेल्या मातेची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, दुर्धर आजारी पालकांची मुले यांचा विचार केला आहे. मूल घरातच राहून वाढावे यासाठी दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद तिच्यात आहे. ही माहिती पेडणे-डिचोलीच्या खेड्यातील आईपर्यंत पोहोचवणे, हे शिक्षकाने विनाखर्च करण्यासारखे काम आहे.

तिसरी बाब अर्जाची. अर्जात 'वडिलांचे नाव' या ओळीऐवजी 'पालकाचे नाव व नाते' अशी ओळ ठेवता येते. कौटुंबिक अडचणीचे वर्णन मुलाकडून लिहून घेण्याची गरज नाही. मुलाला ओळखणाऱ्या एका शिक्षकाचे गोपनीय पत्र पुरेसे मानता येते. गुणांची अट पहिल्या वर्षी न लावता वर्षभराच्या मुक्कामानंतर प्रगती पाहता येते. भावाला वसतिगृहात ठेवले तर घरी राहिलेल्या बहिणीच्या शिक्षणाची चौकशी त्याच फाइलवर करता येते. आईला मुलाला भेटायला येण्यासाठी बसभाडे देता येते. आणि वजीफा वाटपाच्या समारंभात मुलांना व्यासपीठावर उभे करून त्यांची नावे पुकारणे, छायाचित्रे घेणे थांबवता येते. यांतील एकाही गोष्टीला मोठ्या निधीची गरज नाही.

देणगीदारांचा पैसा योग्य ठिकाणी जातो की नाही हे पाहायला नको काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो रास्त आहे. खोटे अर्ज येतात आणि हिशेब द्यावाच लागतो. मात्र चौकशी करणे आणि मुलाकडून कबुली घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकशी मोठ्यांनी मोठ्यांकडे करायची असते. तिचा भार दहा-बारा वर्षांच्या जिवावर टाकला की संस्थेचा हिशेब चोख राहतो, पण त्या मुलाला मिळालेला घास आयुष्यभर कडू लागतो. 'अक्करमाशी'च्या पानापानांतून हे कळून येते.

समारोप

मदत मागणाऱ्या मुलाची आणि मदत देणाऱ्या व्यवस्थेची पहिली भेट कशी झाली, यावर त्या मदतीची पुढची आठवण अवलंबून असते, हे या कृतींच्या तुलनेतून दिसून येते. फरहतुल्ला बेग यांच्या व्यक्तिचित्रात ती आठवण हसू होऊन आली, 'श्यामची आई'त व्याकुळता होऊन आली, 'अक्करमाशी'त दाह होऊन आली. तिन्ही मुले उपाशी होती. त्यांपैकी एकालाच आपण कोण हे आधी सिद्ध करावे लागले. 'मी कोण?' हा पैंगीणकरांचा प्रश्न म्हणूनच केवळ एका समाजाच्या इतिहासातला नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शाळांत दरवर्षी तो नव्याने विचारला जातो, बहुधा मूल गप्प असताना.

हन्नूरच्या शाळेतील मुख्याध्यापकांनी त्या दिवशी कोणता ठराव केला नव्हता, कोणता निधीही उभारला नव्हता. त्यांनी एक नाव लिहिले आणि ते खोडायला नकार दिला. त्या एका ओळीमुळे एक मुलगा शाळेत टिकला आणि मराठीला एक थोर आत्मकथन मिळाले. शिक्षणसंस्थांच्या कचेऱ्यांतून, वसतिगृहांच्या समित्यांतून दरवर्षी अशा ओळी भरायच्या असतात. त्या भरताना लेखणी कोणाच्या बाजूला झुकते, यावर समोर उभ्या असलेल्या मुलाचे शाळेत राहणे ठरते.